मुलाला परस्पर परदेशी नेण्यापासून रोखण्यासाठी कौटुंबिक न्यायालयाचा मनाई हुकूम कसा मिळवावा

पती-पत्नींमधील वाद चालू असताना एकाने मुलाला दुसऱ्याच्या संमतीवाचून परदेशी नेले, तर त्याला परत आणण्याचा मार्ग भारतातील पालकासाठी फार खडतर असतो. यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा विधेयकाचा विचार झाला, तरी कायदा झालेला नाही. त्यामुळे ज्या देशात मूल नेले तेथे वकील लावून, तेथल्या न्यायालयात दाद मागावी लागते. म्हणून जे करायचे ते विमान सुटण्यापूर्वी केले पाहिजे.

मूल नेहमी जेथे राहते तेथील कौटुंबिक न्यायालयात, म्हणजे मुंबईत वांद्र्याला आणि पुण्यात शिवाजीनगरला, पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली अर्ज दाखल करता येतो. हिंदू विवाह अधिनियमाखालील दावा आधीच चालू असेल, तर त्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अंतरिम अर्ज द्यावा. कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नसल्याने त्यासाठीही परवानगीचा अर्ज लागतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात नुसती भीती व्यक्त करून भागत नाही. शाळेकडे मागितलेला दाखला, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख, मुलाच्या नावाचे एकेरी तिकीट, अचानक दिलेला राजीनामा, घर विकण्याची घाई, अशा गोष्टी तारखेनिशी व कागदांनिशी मांडाव्यात. प्रवासाची तारीख जवळ असेल, तर दुसऱ्या बाजूला नोटीस जाण्यापूर्वीच एकतर्फी अंतरिम हुकूम मागता येतो; मात्र तसे करताना आपल्याला अडचणीची ठरणारी कोणतीही वस्तुस्थिती दडवू नये, कारण ती उघडकीस आली की हुकूम उठू शकतो.

सर्वाधिक काळजी हुकुमाच्या शब्दांची घ्यावी. ‘मुलाचा ताबा आईकडे राहील’ एवढे लिहिलेला हुकूम विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या कामाचा नसतो. ‘या न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय जाबदाराने स्वतः किंवा अन्य कोणाहीमार्फत अज्ञान मुलास भारताबाहेर नेऊ नये’ असे स्पष्ट वाक्य मागावे, आणि त्याखाली मुलाचे पासपोर्टावर आहे तसेच पूर्ण नाव, जन्मतारीख व पासपोर्ट क्रमांक यावा. आडनावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही नोंद जुळू न देण्यास पुरेसा असतो. मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करावा आणि नवा पासपोर्ट देऊ नये, अशी मागणीही त्याच अर्जात करावी, कारण दुसऱ्या पालकाची संमती नसतानाही एका पालकाच्या घोषणापत्रावर मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो.

हुकूम मिळाला म्हणजे तो विमानतळावर आपोआप पोहोचला, असे होत नाही. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे एखाद्याला देशाबाहेर जाताना विमानतळावर अडवण्याची सूचना, ब्युरो ऑफ इमिग्रेशन काढते, परंतु ते ठरावीक अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून किंवा न्यायालयाच्या आदेशावरून. सामान्य नागरिकाच्या पत्रावरून नव्हे. म्हणून तसा निर्देश हुकुमातच मागून घ्यावा. प्रमाणित प्रत ब्युरोला, पोलिसांना, प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाला आणि मुलाच्या शाळेला द्यावी व प्रत्येक ठिकाणची पोच जपून ठेवावी.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, आणि मराठी घरांत अशी मुले आता पुष्कळ आहेत, केवळ भारतीय पासपोर्ट कार्यालयाला कळवून उपयोग नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट सूचना योजनेत पालकाने मुलाचे नाव नोंदवले, तर मुलासाठी नव्या पासपोर्टचा अर्ज आल्यास त्या पालकाला कळवले जाते. इतर देशांच्या दूतावासांनाही हुकुमाची प्रत पाठवावी.

दुसऱ्या पालकाचे मुलाला आजी-आजोबांकडे नेण्याचे कारण खरे असू शकते, आणि सरसकट बंदी मुलावरच अन्याय करते. अशा वेळी परतीचे तिकीट, हमीपत्र, पुरेशी अनामत रक्कम आणि परदेशातील न्यायालयाकडून त्याच अटींचा हुकूम, ज्याला मिरर ऑर्डर म्हणतात, अशा अटींवर परवानगी देता येते. तो परदेशी हुकूम खरोखर तेथील न्यायालयाने दिलेला आहे का, हे तेथील वकिलाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका मुलाला वडिलांबरोबर केनियाला पाठवताना अशी अट घातली होती. वडिलांनी न्यायालयाची फसवणूक केल्याचे दिसून आल्यावर २०२१ मध्ये तो निकाल मागे घ्यावा लागला, पण तोवर मूल देशाबाहेर गेले होते.

प्रवासाची परवानगी मिळाली, तर तेवढ्या मुदतीसाठी लुकआउट सर्क्युलर स्थगित करण्याचा निर्देशही लेखी घ्यावा. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते मागणाऱ्याने रद्द करण्याची विनंती करेपर्यंत चालूच राहते, आणि तसे न कळवल्यास परवानगी असलेले मूलही विमानतळावर अडवले जाते.