कोडमधल्या टिपणांची मॅन पेजेस करताना

पहिल्या नोकरीत तिसऱ्या आठवड्यात जे काम मिळालं ते ऐकून मी खट्टू झाले होते. पर्ल या भाषेत लिहिलेली साठेक छोटी-मोठी टूल्स, ज्याला जसं सुचलं तसं त्याने कोडमध्येच लिहून ठेवलेलं डॉक्युमेंटेशन, आणि त्यातून क्लायंटला देण्याजोगी मॅन पेजेस, म्हणजे मॅन ही कमांड दिली की टर्मिनलवर उघडणारी माहितीची पानं, काढायची. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला बिलिंगचं मॉड्यूल मिळालं, मला हे. रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे शुद्धलेखन तपासायचंय का?"

आता नव्या मुलांना हे काम मी स्वतः देते आणि त्यांची तोंडं तशीच पडतात. त्यांना दरवेळी जे तोंडी सांगते ते एकदा लिहून ठेवते. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिलीत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.

पर्लच्या फाइलमध्ये ओळीच्या अगदी सुरुवातीला बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून एखादा शब्द आला, उदाहरणार्थ =हेड१, की तिथून पुढचं पर्ल वाचतच नाही. =कट ही ओळ येईपर्यंत सगळा मजकूर त्याच्या लेखी हवा. या मजकुराची जी साधीशी खुणांची भाषा आहे तिला पॉड म्हणतात. १९९४ मध्ये पर्ल ५ आलं, त्याच्याबरोबर ती आली. पॉड-टू-मॅन हा प्रोग्रॅम बरोबर उलटं करतो: कोड सोडून देतो, पॉड तेवढं उचलतो आणि त्याचं रॉफ या पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. मॅन ही कमांड तेच ग्रॉफ या प्रोग्रॅमकडून मांडून घेऊन पडद्यावर दाखवते.

रॉफ हे प्रकरण फार जुनं. १९६४ च्या सुमाराला एमआयटीत लिहिलेला रनऑफ हा त्याचा पूर्वज. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. पुढे जो ओसाना यांनी ट्रॉफ लिहिला तो टंकजुळणीच्या यंत्रावर पानं काढण्यासाठी. आपण आज वापरतो तो ग्रॉफ १९९० मध्ये आला, पण नियम त्याच घराण्याचे. म्हणजे ओळ टिंबाने सुरू झाली की ती छापायची नाही, तो हुकूम समजायचा. हाताने रॉफ लिहिणाऱ्याच्या पानात टिंबाने सुरू होणाऱ्या एखाद्या लपवलेल्या फाइलचं नाव नेमकं ओळीच्या सुरुवातीला आलं, तर अख्खी ओळ गायब होते, आणि कुणी तक्रारही करत नाही. पॉड-टू-मॅन अशा ठिकाणी आपणहून काळजी घेतो. हाताने रॉफ लिहू नका असं मी सांगते त्याचं निम्मं कारण हे.

मी पहिल्याच आठवड्यात केलेली चूक तुम्हीही करणार. एका पानात ऑप्शनची यादी वेडीवाकडी दिसत होती. मी तयार झालेली रॉफची फाइल उघडली, इंटरनेटवर वाचत वाचत दोन तास खपून तिच्यातली टिंबं-आडव्या रेघा नीट केल्या आणि खुशीत घरी गेले. रात्री आपोआप सगळं नव्याने तयार करणाऱ्या बिल्डने ती फाइलही पुन्हा काढली. सकाळी यादी जशीच्या तशी वेडीवाकडी. आमचे लीड खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, पोळी भाजून झाल्यावर कणकेत मीठ घालतेयस तू." दुरुस्ती करायची ती पॉडमध्ये. तयार झालेली फाइल वाचायची, पण तिच्यात काही लिहायचं नाही.

पॉडमधल्या बहुतेक चुका रिकाम्या ओळींच्या असतात. खुणेच्या ओळीआधी आणि नंतर एक ओळ मोकळी हवी, एवढाच नियम. पण एका फाइलमध्ये कुणीतरी =हेड१ ऑप्शन्स लिहून लगेच खालच्या ओळीवर वर्णन सुरू केलं होतं. पॉडच्या लेखी रिकामी ओळ येईपर्यंत सगळं शीर्षकच. त्यामुळे मॅन पेजमध्ये सहा ओळींचं, ठळक अक्षरातलं, एकच शीर्षक दिसत होतं. एडिटरमध्ये बघितलं तर काहीच चुकलेलं वाटत नाही. याहून वाईट म्हणजे =कट विसरणं. मग खालचं फंक्शनही पर्ल डॉक्युमेंटेशन समजून सोडून देतं आणि प्रोग्रॅम चालवल्यावर 'असं फंक्शनच नाही' म्हणून अडतो. ते फंक्शन समोर पडद्यावर दिसत असतं, आणि आपण चक्रावलेले.

पॉडचेकर नावाचा प्रोग्रॅम पर्लबरोबरच येतो. तो आधी चालवा. मी नव्हता चालवला. त्यात आमच्याकडची पॉड-टू-मॅनची आवृत्ती अशी की पॉडमध्ये चूक सापडली तर थांबायची नाही, पान काढायची आणि त्या पानाच्या शेवटी 'पॉड एरर्स' नावाचा भाग जोडून त्यात "अहो! वरच्या मजकुरात काही चुका आहेत, त्या खाली सांगितल्यात" अशा अर्थाचं एक सलगीचं वाक्य टाकायची. यादी सुरू करणारं =ओव्हर लिहून ती संपवणारं =बॅक विसरलं की हे व्हायचं. अशी अकरा पानं क्लायंटकडे गेली. त्यांच्याकडून आलेल्या मेलमध्ये फक्त ते वाक्य होतं, खाली एक हसरा चेहरा. तेव्हापासून आमच्या बिल्डमध्ये एरर्स हा ऑप्शन 'डाय'वर ठेवलेला आहे: चूक दिसली की बिल्ड तिथेच मेला पाहिजे.

त्याच क्लायंटने दुसऱ्या मेलमध्ये विचारलं, तुमच्या टूलची आवृत्ती तर २.३ आहे, मग पानाच्या तळाला ५.१६ कसं? ते पर्लचं होतं. रिलीज हा ऑप्शन दिला नाही तर पॉड-टू-मॅन तळाला पर्लची आवृत्ती टाकतो, आणि सेंटर हा ऑप्शन दिला नाही तर डोक्यावर 'यूझर कॉन्ट्रिब्यूटेड पर्ल डॉक्युमेंटेशन'. सेक्शनही सांगा. नाही सांगितला तर तो १ धरतो, आणि फाइल पर्लचं मॉड्यूल असेल तर ३. सेक्शन म्हणजे मॅन्युअलची प्रकरणं: १ मध्ये कमांड, ३ मध्ये लायब्ररीतली फंक्शन्स, ५ मध्ये फाइलींचे नमुने, ८ मध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या कमांड. पासवर्ड बदलायची कमांड १ मध्ये आणि त्याच नावाच्या फाइलची रचना ५ मध्ये, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. तारखेचंही तसंच: ती फाइलच्या बदलाच्या वेळेवरून घेतली जाते, आणि गिटमधून ताजा कोड उतरवला की ती वेळ आजची होते. बिल्डमध्ये सोर्स-डेट-इपॉक या व्हेरिएबलमध्ये तारीख ठरवून टाका, विषय संपला.

आता 'नेम' या भागाबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. त्यात एकच ओळ असते: टूलचं नाव, मोकळी जागा, आडवी रेघ, मोकळी जागा, आणि ते काय करतं हे पाच-सात शब्दांत. ही ओळ माणसासाठी आहेच, पण मॅन ही कमांड ज्यातून येते तो मॅन-डीबी ती उचलून आपल्या सूचीत टाकतो, आणि अ‍ॅप्रोपॉस किंवा 'मॅन हायफन के' करून शोधणाऱ्याला त्या सूचीतूनच उत्तर मिळतं. आमच्या साठांतल्या चौदा टूल्समध्ये रेघेऐवजी कोलन, म्हणजे विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं, दिली होती. पान उघडायचं, छान दिसायचं, पण शोधून सापडायचं नाही. एका टूलचं वर्णन तर 'हे टूल लॉगसाठी वापरलं जाणारं टूल आहे' असं होतं. लॉगचं काय करतं ते? वाचतं, कापतं, जाळतं? त्या एका ओळीसाठी मी त्या टूलचा सगळा कोड वाचला. पाच शब्द लिहायला दीड दिवस लागला. माझ्या मते तो वाया गेला नाही.

आडव्या रेघेची आणखी एक गंमत आहे. रॉफमध्ये नुसती रेघ म्हणजे दोन शब्द जोडणारा हायफन. बॅकस्लॅश लावून दिलेली रेघ म्हणजे कमांडमध्ये टाइप करायची उणे खूण. छापील पानावर त्याने काही बिघडत नाही. यूटीएफ-८ टर्मिनलवर मात्र हायफनच्या जागी वेगळंच युनिकोड चिन्ह येऊ शकतं. दिसायला तेच, पण पानावरून ऑप्शन उचलून कमांडमध्ये चिकटवला की प्रोग्रॅम म्हणतो असा ऑप्शन माहीत नाही. पानात तो ऑप्शन शोधायला गेलं तर डोळ्यांसमोर असून सापडत नाही. हाताने लिहिलेल्या एका जुन्या पानात हे झालं होतं आणि मी अर्धा दिवस की-बोर्डवर संशय घेत बसले होते. म्हणून नियम: पानावर दाखवलेली उदाहरणं पानावरूनच कॉपी करून चालवून बघायची, मूळ फाइलमधून नाही.

आणि 'पुणे'. ऑथर या भागात मी आमच्या टीमचं ठिकाण देवनागरीत लिहिलं होतं, हौस म्हणून. पानात आलं: एक्स एक्स एक्स एक्स. जुना पॉड-टू-मॅन आस्की या साध्या इंग्रजी अक्षरांच्या संचाबाहेरच्या, त्याला न कळणाऱ्या प्रत्येक खुणेला एक एक्स टाकायचा. अक्षरं दोन, मग एक्स चार कसे? कारण प, त्याचा उकार, ण आणि त्याची मात्रा या युनिकोडच्या लेखी चार वेगळ्या खुणा. युनिकोड मला कॉलेजात कळलं नव्हतं ते या चार एक्सनी कळलं. उपाय दोन: फाइलच्या सुरुवातीला =एन्कोडिंग यूटीएफ८ लिहा, आणि टूल जुनं असेल तर यूटीएफ-८ चा ऑप्शन द्या; पॉड-टू-मॅन ज्या संचातून येतो त्या पॉडलेटर्सच्या पाचव्या आवृत्तीपासून तो द्यावा लागत नाही.

पर्लच का, हा प्रश्न हमखास येतो. कामाचं स्वरूप सगळीकडे हेच, टूल तेवढं बदलतं. ओपनएसएसएल सी भाषेत आहे, तरी त्याची मॅन पेजेस पॉडमध्ये लिहिलेली आहेत. गिटची अ‍ॅस्कीडॉकमध्ये. लिनक्स कर्नलमध्ये फंक्शनच्या डोक्यावर विशिष्ट पद्धतीची कॉमेंट लिहितात आणि कर्नल-डॉक ती वाचतो. पायथॉनवाल्यांचा स्फिंक्स मॅन पेज काढून देतो. डॉक्सिजनही देतो, सेटिंग चालू केलं तर. पण क्लास आणि फाइलींच्या हिशेबाने ढीगभर पानं पडतात आणि त्यात माणसाने वाचावं असं फार थोडं असतं. हेल्प-टू-मॅन टूलचा हेल्प ऑप्शन चालवून जे छापलं जाईल त्याचं पान करतो. जीएनयू कोअरयुटिल्स तो वापरतात. घाईत चांगला, पण हेल्पमध्ये नाही ते पानातही नाही. पर्लमध्ये याच्या उलट सोय आहे: पॉड-यूसेज हे मॉड्यूल घेतलं की हेल्पचा मजकूर पॉडमधूनच येतो. एकदाच लिहायचं. ही सोय मला आठ महिन्यांनी कळली, तोवर मी दोन्हीकडे हाताने बदल करत होते.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर स्वतःच्या लिनक्सवरून. डेबियनचं धोरण सांगतं की प्रत्येक प्रोग्रॅमला मॅन पेज असावं. नसेल तर तो बगच. यूएसआर-बिन या फोल्डरमधले प्रोग्रॅम एकेक बघत जा, मॅन करून बघा, 'नो मॅन्युअल एंट्री' आलं की तुमचं गिऱ्हाईक सापडलं. पान लिहा, 'मॅन हायफन एल' देऊन तुमचीच फाइल उघडा, टर्मिनल ८० रकान्यांचं करून वाचा. सुरुवातीला मोकळी जागा सोडलेल्या ओळी पॉड जशाच्या तशा ठेवतं, त्या आपोआप मोडत नाहीत. अरुंद पडद्यावर त्याच बाहेर सांडतात. मॅनडॉक या टूलचा लिंट, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी तपासणी, चालवा. मग पॅच, म्हणजे तुम्ही केलेला बदल, त्या प्रोग्रॅमवाल्यांना पाठवा. पहिला पॅच एका ओळीचा असला तरी चालतं. आणि मुलाखतीत 'मी डॉक्युमेंटेशन केलं' एवढंच सांगू नका, कुठलं पान, काय चुकलं होतं, कसं सापडलं ते सांगा.

एक तपासणी मात्र कुठलंही टूल करत नाही. आमची पानं एकदाची धडपणे निघायला लागल्यावर लीडनी ती रात्रपाळीच्या ऑपरेशन्सवाल्यांना दिली आणि सांगितलं, कोडवाल्यांना फोन न करता फक्त पान वाचून टूल चालवा. दुसऱ्या रात्री दीड वाजता मला फोन. "मॅडम, हे २ देऊन बाहेर पडलं. २ म्हणजे काय?" एक्झिट स्टेटस, म्हणजे टूल बाहेर पडताना देतं त्या आकड्यांचे अर्थ, हा भागच मी लिहिला नव्हता. सकाळी येऊन कोड वाचला तर २ दोन ठिकाणांहून येत होता: इनपुटची फाइल सापडली नाही तरी २, आणि डिस्क भरली तरी २. रात्रपाळीतल्या माणसाने एका वेळी स्वस्थ बसायचं असतं आणि दुसऱ्या वेळी धावायचं असतं, आणि आम्ही त्याला दोन्हीकडे एकच आकडा देत होतो. लिहायला बसले तेव्हाच कळलं की हे लिहिता येत नाही. डिस्कसाठी ३ केला, मग पानात दोन ओळी सुखाने मावल्या.

त्या कंपनीत कोडमध्ये केलेला माझा तो पहिला बदल. कमिटच्या संदेशात मी लिहिलं होतं, 'डॉक्युमेंटेशन दुरुस्ती'. लीडनी तो परत पाठवला आणि खाली लिहिलं, 'बग फिक्स असं लिही.'