ओव्हरकरंट रिलेंचा वेळ-समन्वय कसा साधावा

वितरण वाहिनीवर बिघाड (फॉल्ट) झाला की त्याच्या मागचा, म्हणजे उपकेंद्राच्या बाजूचा, सर्वांत जवळचा ब्रेकर आधी ट्रिप झाला (उघडला) पाहिजे, आणि तो अडकला तरच त्याच्या मागचा. प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास ब्रेकरला उघडण्याचा आदेश देणाऱ्या ओव्हरकरंट रिलेच्या सेटिंगचे सारे काम या एका अपेक्षेसाठी असते, म्हणून हिशेब नेहमी वाहिनीच्या टोकाकडून सुरू करून उपकेंद्राकडे मागे यावे.

प्रत्येक रिलेसाठी आधी कमाल आणि किमान फॉल्ट प्रवाह काढावा. पिकअप, म्हणजे रिले ज्या प्रवाहापासून काम सुरू करतो ती मर्यादा, कमाल लोडच्या वर, पण टोकाशी दोन फेज एकमेकांना चिकटल्यास वाहणाऱ्या प्रवाहाच्या बराच खाली असावा. हा प्रवाह तिथल्याच तीन फेजच्या फॉल्टच्या सुमारे 87 टक्केच असतो, आणि लांब फीडरवर (वितरण वाहिनीवर) नेमके इथेच सेटिंग चुकते.

आता टोकाकडील रिलेचा पिकअप 200 अँपिअर, टीएमएस (रिलेचा वेळ कमी-जास्त करणारा गुणक) 0.1 आणि त्याच्या लगतचा कमाल फॉल्ट 2000 अँपिअर आहे असे धरू. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर (प्रवाह जितका जास्त, तितका वेळ कमी) टीएमएस 1 असताना पिकअपच्या दहापट प्रवाहाला 2.97 सेकंद लागतात, म्हणजे हा रिले 0.30 सेकंदात काम करील. ब्रेकर उघडण्याचा वेळ, रिले व सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) यांची त्रुटी आणि थोडी राखीव जागा मिळून 0.35 सेकंदांचे अंतर ठेवले, तर मागच्या रिलेला किमान 0.65 सेकंद लागले पाहिजेत. त्याचा पिकअप 400 अँपिअर असल्यास हाच फॉल्ट त्याला पाचपट दिसतो, ज्याला टीएमएस 1 वर 4.28 सेकंद लागतात, म्हणून 0.65 ला 4.28 ने भागून टीएमएस 0.152 येतो. इथे 0.16 ठेवावे. सोयीसाठी 0.15 ठेवल्यास राखीव जागेलाच कात्री लागते.

अर्थ फॉल्टचा (प्रवाह जमिनीत जाणाऱ्या बिघाडाचा) रिले वेगळा लावावा. समतोल लोडमध्ये तिन्ही फेजची बेरीज शून्य येत असल्याने त्याचा पिकअप सीटीच्या क्षमतेच्या 10 ते 20 टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. तरीही तुटलेली तार कोरड्या जमिनीवर किंवा डांबरावर पडली तर काही अँपिअरच प्रवाह वाहतो आणि हा रिलेही गप्प राहतो. म्हणूनच फीडर ट्रिप झाला नाही एवढ्यावरून खाली पडलेली तार निर्जीव मानण्याची चूक कोणीही, कधीही करू नये. पुरवठा हाताने बंद करून, तपासून आणि अर्थिंग करूनच तिच्याजवळ जावे.

फांदी घासून किंवा वीज कोसळून होणारे बहुतेक फॉल्ट क्षणिक असल्याने ओव्हरहेड वाहिनीवर ऑटो-रिक्लोजर (ट्रिप झालेला ब्रेकर आपोआप पुन्हा जोडणारे साधन) उपयोगी पडतो. भूमिगत केबलचा फॉल्ट सहसा कायमचा असतो, तिथे तो वापरू नये, आणि वाहिनीवर माणसे काम करत असताना तो बंदच ठेवावा.

शेवटी रिलेला सेकंडरी इंजेक्शन (थेट रिलेत सोडलेला चाचणीचा प्रवाह) देऊन चाचणी घ्यावी, पण रिलेचा दिवा लागला म्हणून थांबू नये. ब्रेकर प्रत्यक्ष उघडलेला पाहावा. ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल उपकेंद्राच्या बॅटरीवर चालते, आणि एरवी पूर्ण व्होल्टेज दाखवणारी थकलेली बॅटरी कॉइलने प्रवाह ओढताच खाली बसते. तेव्हा मीटरचे वाचन त्याच क्षणी घ्यावे.