बाळाचा खुबा घरी पाहायचा कसा

जन्मतः खुबा सांध्यातून सरकलेलं बाळ हजारात एखाद-दुसरं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या उपकेंद्रात मी नर्स होते, तिथं ५,००० वस्ती आणि वर्षाला ७५-८० बाळंतपणं. म्हणजे असं लेकरू दहा वर्षांतून एकदा वाट्याला येणार, आणि नेमकं तेच नजरेतून सुटणार. कारण त्याला दुखत नाही, ते रडत नाही. नुसता ढिला असलेला खुबा मात्र बऱ्याच बाळांत सापडतो. बहुतेकांचा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतो.

मुलगी, पहिलटकरणीचं बाळ, घरात आधी कुणाला हा त्रास, किंवा पायाळू, यांच्याकडे जास्त लक्ष द्या. सिझर झालं असलं तरी पोटात बाळ कसं होतं ते विचाराच. पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणून गावात त्याचं कौतुक, पण त्याचा स्वतःचा खुबा कोणी पाहत नाही.

बाळाला पाजा, लंगोट काढा, चटईवर उताणं ठेवा.

आता पाय फाकवून पाहणं, आणि इथंच मी चुकले होते. मांडीच्या वळ्या मोजा, दोन्हीकडं सारख्या नसल्या तर खुबा सरकलेला, असं मला कोणीतरी सांगितलेलं. वळ्या तर कितीतरी धडधाकट बाळांच्याही सारख्या नसतात. मी उगाच चार बायांना जिल्ह्याच्या फेऱ्या मारायला लावल्या. एका पोरीच्या मात्र अगदी सारख्या होत्या, पायही दोन्ही सारखेच फाकत होते. मी निर्धास्त. दीड वर्षानं आजी तिला घेऊन आली. "बाई, लेकरू बदकावानी डुलत चालते. दुखत-खुपत तं काहीच नाई तिले." तिचे दोन्ही खुबे सरकलेले होते. दोन्ही पाय सारखेच कमी फाकत होते आणि मी डाव्याची उजव्याशी तुलना करत बसले होते.

म्हणून एका पायाची दुसऱ्याशी तुलना करून थांबू नका, पाय चटईकडं किती जातो ते पाहा. दोन्ही गुडघे वाकवून मांड्या पोटाशी काटकोनात आणा आणि हळूच बाहेर उघडा. निरोगी बाळाची मांडी चटईच्या बरीच जवळ जाते. अर्ध्यातच अडली, एका बाजूची असो की दोन्ही, तर दाखवायचं. जोर लावायचा नाही. खुबा मागं दाबून 'कट्' होतं का पाहण्याचा प्रकार डॉक्टरांचा आहे, घरी करू नका. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत खुबा सैल असूनही पाय मस्त फाकतो, तेव्हा पायाळू बाळांचं, आणि घरात आधी कुणाला हा त्रास असलेल्यांचं, काहीही न दिसलं तरी सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करा. एक्स-रे चार-सहा महिन्यांनंतरच कामाचा. त्याआधी हाडाचा गोळा त्यात दिसतच नाही.

पावलं चटईवर टेकवून गुडघ्यांची उंचीही पाहून घ्या. एक खाली दिसला तर तेही सांगा.

दुपट्याबद्दल माझं भांडण घरोघरच्या आज्यांशी झालंय. "पाय सरळ बांधले नाई तं लेकरू फेंगडं होते" हे साफ खोटं. सरळ ताणून बांधल्यानंच खुबा सरकायला मदत होते. हात-छाती हवी तर गुंडाळा, पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या. मालिशवालीला पाय ओढू देऊ नका, उलटं लोंबकळवू तर मुळीच नाही. कडेवर पाय फाकवून घेणं मात्र चांगलंच.

शंका आली की आशाताईला सांगा. ४२ व्या दिवसापर्यंत ती घरी येतेच, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत खुबा आहे. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर बहुतेकदा पाय फाकवून धरणाऱ्या पट्ट्यावर भागतं. नंतर भूल देऊन प्लास्टर, चालायला लागल्यावर बहुधा ऑपरेशन. पट्टा लावला की आंघोळीसाठी, तेलासाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी स्वतःहून सोडायचा नाही. ओल्या कापडानं अंग पुसा, लंगोट पट्ट्याच्या आतून बदला.