ईव्हीच्या हिरव्या दिव्यामागे धावू नका: हायब्रिड गाडीतून चांगलं ॲव्हरेज कसं काढावं

मारुती ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा पक्का बसलेला असतो. मग पहिली टाकी संपते, हिशेब मांडला जातो आणि चेहरा पडतो. यात गाडीचा दोष फारसा नसतो. हा आकडा रोलरवर घेतलेल्या चाचणीतून येतो. त्या चाचणीत एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही आणि मधेच आडवा येणारा रिक्षावालाही नसतो. पण तेवढ्यावर सगळं सोडून देऊ नका. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर दोन चालकांच्या ॲव्हरेजमध्ये चांगलाच फरक पडू शकतो आणि तो बहुतेक उजव्या पायावर ठरतो.

आधी एक खात्री करून घ्या. तुमची गाडी खरंच स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकणारी, आहे ना? ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्या माइल्ड हायब्रिड आहेत. त्यांची छोटी मोटर इंजिनाला हात देते, पण एकटी गाडी ओढत नाही. खाली जे सांगतोय ते ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी ई-एचईव्ही अशा गाड्यांसाठी आहे.

बॅटरी म्हणजे टाकी नव्हे

हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता ०.७६ युनिट, म्हणजे घरच्या मीटरवरचं पाऊण युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. थोडक्यात, पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे एका कटिंग चहाच्या ग्लासाएवढं पेट्रोल. इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं, तो हिशेब धरला तरी पाव लिटरच्या आसपासच. शिवाय बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण भरूही देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही.

या गाड्या चार्जरला लावायच्या नसतात. बॅटरीत येते ती सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच: एक तर इंजिनाने बनवलेली, नाहीतर ब्रेक लावताना परत मिळालेली. म्हणून गाडी नुसत्या मोटरवर चालताना लागणारा ‘ईव्ही’चा हिरवा दिवा विझू नये यासाठी वीसच्या वेगाने रांगत राहणं, मागच्यांचे हॉर्न ऐकणं, यातून फारसं काही वाचत नाही. बॅटरी उतरते, मग ती भरायला इंजिन लागतं आणि पेट्रोल जाळून वीज, विजेवरून पुन्हा चाक, या प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते.

गाडी उचलताना

सकाळी डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसलं की निघा. उभ्या उभ्या गाडी तापवत बसू नका. बॅटरी भरलेली असली तरी थंड गाडीत इंजिन काही वेळ चालूच राहतं. सायलेन्सरकडे जाणारा धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना ॲव्हरेज पडतं ते याच कारणाने. दूध, बँक, क्लास ही कामं एकाच फेरीत बसवली तर इंजिन एकदाच तापवावं लागतं.

सिग्नल सुटल्यावर फार भीत भीत निघू नका. डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा ‘इको’ पट्ट्याच्या वरच्या भागात राहील इतपत पाय द्या, ‘पॉवर’मध्ये जाऊ देऊ नका. इंजिन सुरू झालं तर होऊ द्या. बऱ्यापैकी ओझं असतानाच ते पेट्रोलचा सर्वात चांगला वापर करतं. हवा तो वेग, समजा ५०, पटकन पण सहज गाठा. मग क्षणभर पाय पूर्ण उचला. इंजिन बंद होईल. आता अगदी हलका पाय ठेवून वेग टिकवा. सपाट रस्त्यावर गाडी बराच पल्ला मोटरवर तरंगत जाते. ही लय अंगवळणी पडायला साधारण आठवडा लागतो, नंतर विचारही करावा लागत नाही.

इको मोड शहरात लावून ठेवा. पायाचा धसमुसळेपणा तो थोडा झाकतो आणि एसीलाही जरा आवर घालतो. गाडी नुसत्या मोटरवर चालवणाऱ्या ईव्ही बटणाचा मला दिसणारा खरा उपयोग एकच: रात्री उशिरा सोसायटीत आवाज न करता शिरणं.

ब्रेक: खरी कमाई इथेच

ब्रेक हळू दाबला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत जाते. पण एका वेळी किती वीज घ्यायची याला मर्यादा आहे. कचकन ब्रेक दाबलात तर उरलेलं काम साधे ब्रेक पॅड करतात आणि ती ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचला आणि हलका, लांबलेला ब्रेक लावा. मीटरचा काटा ‘चार्ज’ पट्ट्यात राहिला पाहिजे, त्याच्या टोकाला चिकटता कामा नये.

पुढे रस्ता मोकळा असेल तर मात्र वीज गोळा करायच्या मोहात पडू नका. गाडी नुसती घरंगळत पुढे जाऊ देणं केव्हाही जास्त फायद्याचं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलंत की हे आपोआप जमतं. आपल्याकडे त्या अंतरात लगेच दुसरा कोणीतरी घुसतो, हे मान्य. घुसू द्या.

होंडा सिटीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने हा वीज-ब्रेक कमीजास्त करता येतो. गतिरोधकांच्या रस्त्यावर ते फार सोयीचं पडतं.

न्यूट्रलची सवय सोडा

जुन्या गाड्यांवर शिकलेले लोक सिग्नलला आणि उतारावरही न्यूट्रल टाकतात. टोयोटाच्या हायब्रिड पद्धतीत ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. लांबलेल्या ट्रॅफिक जॅममध्ये एसी चालू आणि गिअर एनमध्ये असेल तर बॅटरी नुसती उतरत राहते. उभं राहायचं असेल तर ‘डी’ आणि ब्रेक, जास्त वेळ असेल तर ‘पी’. उतारावर न्यूट्रल टाकलंत तर फुकटची वीज जाते आणि जिवाला धोका, तो वेगळाच.

घाट

दिवे घाटासारखा उतार लागला की नवा मालक खूश होतो, बॅटरीच्या कांड्या भराभर चढतात. थोड्या वेळात त्या भरतात, पाय उचललेला असतानाही इंजिन जोरात घोंगावू लागतं आणि आनंदाची जागा भीती घेते. गाडी बिघडलेली नसते. दीड टनाची गाडी दोनशे मीटर खाली उतरताना पाऊण युनिटाहून जास्त ऊर्जा सुटते. त्यातली काही हवेत आणि टायरांत गेली, तरी उरलेली एवढ्याशा बॅटरीत मावत नाही. मग गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग रोखते. त्यात पेट्रोल जळत नाही. लांब, तीव्र उतारावर गिअर ‘बी’, म्हणजे इंजिनाने वेग रोखणाऱ्या जागेवर टाका, ब्रेक तापणार नाहीत. सपाटीला लागल्यावर आठवणीने परत ‘डी’. कायम बीमध्ये चालवणं तोट्याचं आहे.

हायवे

इथे हायब्रिडची जादू ओसरते, कारण ब्रेक कमी लागतात आणि परत मिळवायला काही उरत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. घाई नसेल तर ८०-९० धरा. टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा.

एसी, हवा आणि ती जाळी

उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी दोन मिनिटं उघड्या ठेवा, मग एसी २४-२५ वर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण चालू. घामाघूम होऊन एसी बंद ठेवण्यात शहाणपण नाही. टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. हायब्रिडला बहुधा फार पातळ ऑइल लागतं.

आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ एक छोटी जाळी असते. बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथून जाते. तिच्यावर पिशव्या, उशी, सीट कव्हर येऊ देऊ नका. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते. सर्व्हिसिंगच्या वेळी तिथला फिल्टर साफ झाला का, हे स्वतः विचारा.

मोजायचं कसं

स्क्रीनवरचा आकडा सवय लावायला ठीक, हिशेबाला नको. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंतच भरा, वर ‘राउंड फिगर’ करायला सांगू नका. फिरलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे आजच्या २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर आकडा थोडा खालीच दिसणार. एका टाकीवरून मत बनवू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी काढा, उन्हाळ्याची वेगळी आणि पावसाळ्याची वेगळी.