कळपात मेंढा सोडण्याआधी त्याचे जुळ्यांचे जनुक तपासा

मृगाच्या पावसाने कोवळा चारा फुटला की मेंढ्या माजावर येऊ लागतात. मेंढी 147 ते 150 दिवस गाभण राहते, म्हणजे जूनच्या मध्यात मेंढा सोडला तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेंढ्या व्यायला लागतात. तेव्हा खरिपाची रिकामी रानेही चरायला मिळतात. म्हणून पैदाशीचा मेंढा मे महिन्यातच ठरवावा.

आपली दख्खनी मेंढी बहुतेकदा एकच कोकरू देते. जुळ्यांचे ‘फेक-बी’ जनुक मूळचे बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते संकरातून दख्खनीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या जनुकातला नेमका बदल 2001 मध्ये सापडला, त्यामुळे आता रक्ताच्या नमुन्यावरून ते ओळखता येते.

जनुकाची एक प्रत (फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आलेली) असली की दर माजाला साधारण एक ते दीड स्त्रीबीज जास्त सुटते. दोन प्रती असतील तर तिळ्यांचे प्रमाण वाढते. रानोमाळ फिरणाऱ्या कळपात तिळी जगवणे अवघड, तेवढे दूधच नसते. मराठवाड्यातल्या मेंढपाळाने एका प्रतीची मेंढी हेच ध्येय ठेवावे. त्यासाठी दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडावा: सगळ्या कोकरांत एकेक प्रत येते. एका प्रतीचा मेंढा सोडला तर सरासरी निम्म्याच कोकरांत येते. पुढे या माद्यांवर मात्र जनुक नसलेला, बाहेरच्या रक्ताचा मेंढा वापरावा आणि त्यांच्या पिलांची तपासणी करूनच माद्या ठेवाव्यात. बापाकडेच मुली भरवल्या तर दोन प्रतींच्या माद्या निघतात, शिवाय रक्तसंबंधाने कोकरे अशक्त होतात.

जुळ्यातला मेंढा म्हणजे जनुक असलेला मेंढा, हा समज चुकीचा आहे. मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढीला रोज 200 ते 250 ग्रॅम भरडा दिला तर जनुक नसतानाही काही मेंढ्या जुळी देतात. उलट, जनुक असलेली मेंढी पहिल्या वेताला एकच देऊ शकते. मेंढ्याच्या अंगावर तर याची कोणतीच खूण दिसत नाही.

नमुन्यासाठी पशुवैद्यकाकडून मानेच्या शिरेतून 3 ते 5 मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घ्यावे. नळी लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी. गुठळी झाली की नमुना वाया गेला. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहावा आणि ती बर्फाच्या डब्यात, बर्फाला थेट न टेकवता तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवावी. निकालात ‘बी-बी’ म्हणजे दोन प्रती, ‘बी-प्लस’ म्हणजे एक, ‘प्लस-प्लस’ म्हणजे एकही नाही. निकाल येईपर्यंत नर कोकरे विकू किंवा खच्ची करू नयेत.

जंतनाशक मेंढा सोडण्याआधीच पाजावे. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकते. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. 25 ते 30 मेंढ्यांमागे एक मेंढा पुरे.

जास्तीचा खुराक खरा लागतो तो शेवटच्या सहा आठवड्यांत. गर्भाची बहुतांश वाढ तेव्हाच होते आणि जुळ्यांनी पोट दाटल्याने मेंढीला पोटभर खाता येत नाही. मग अंगातली चरबी वितळून रक्तात किटोन ही अपायकारक द्रव्ये साठतात. मेंढी चरणे सोडते, कळपाच्या मागे राहते, अडखळते आणि शेवटी बसते. रोज 250 ते 300 ग्रॅम मका भरडा व सरकी पेंड, सोबत तुरीचे भुसकट दिल्यास हे बहुतेक टळते. बसलेल्या मेंढीला त्याच दिवशी डॉक्टर दाखवावा.

व्याल्यावर नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. दोन किलोच्या कोकराला तासाभरात 100 मिली चीक पाजावा, दिवसभरात 400 मिली. जुळ्यांतले दुबळे कोकरू मागे पडते, त्याला आधी आचळाला लावावे. जुळी व्यालेली मेंढी दोन आठवडे वाड्यावरच ठेवावी, कळपाबरोबर लांब नेऊ नये.