एकादशीला कणीक कशाला?

मोडी (मराठी लिहायची जुनी लिपी) शिकायचीय, कुठून सुरू करू, किती दिवस लागतात, त्यातून पैसे मिळतात का, असं हल्ली बरेच जण विचारतात, त्यात निम्मे रिटायर्ड आणि निम्मे कॉलेजातले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काही इतिहासाचा माणूस नाही. ३२ वर्षं एसटीच्या डेपोत अकाउंटला काढली, संध्याकाळी भजनात पेटी वाजवायचो, आणि मोडीला हात लावला तो रिटायर झाल्यावर.

खरं तर शिकवणारा घरातच होता. वडिलांना मोडी चांगली वाचता यायची, माळ्यावरच्या पेटाऱ्यात आजोबांच्या वह्या पडलेल्या, आणि मी आपला रिटायर झालो की बघू म्हणत राहिलो. मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी वडील गेले. त्यामुळे पहिला सल्ला हाच, घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर क्लासची फी भरायच्या आधी त्यांच्यासमोर वही उघडा. त्यांना लिपी येत नसली तरी माणसांची, शेतांची, विहिरींची नावं माहीत असतात, आणि मोडीत अर्धी लढाई नावांचीच असते. "सटवाच्या पट्टीचा बांध" हे तुम्हाला अक्षरावरून कधीच लागणार नाही, आत्याला विचारलं की एका मिनिटात लागतं.

आता शिकायचं कुठे, तर पुराभिलेख संचालनालयातर्फे अधूनमधून मोडीचे वर्ग निघतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. (मंडळ १९१०चं, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारातलं. तिथली दप्तरं एकदा नुसती बघून तरी या.) वर्गात मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं होतात, सर्टिफिकेट मिळतं आणि आपल्याला वाटतं आली मोडी. मग घरी येऊन खरा कागद उघडला की एक ओळ लागत नाही. माझं तसंच झालं, आठवडाभर वही परत पेटाऱ्यात ठेवून दिली होती.

अडतं कुठे ते सांगतो. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ मारून घेतो आणि तिच्याखाली अक्षरं टांगत जातो, हात शक्यतो उचलायचा नाही, त्यामुळे दोन शब्दांमध्ये जागा नसते, पूर्णविराम नसतो, ऱ्हस्व दीर्घाचा तर प्रश्नच नाही, आणि वर मौजे, परगणे, राजमान्य राजश्री असल्या शब्दांची नुसती पहिली अक्षरं टाकून काम भागवलेलं. म्हणजे तक्त्यातलं अक्षर ओळखता येणं वेगळं आणि पळत्या हातातलं ओळखणं वेगळं. इथे मला नोकरी उपयोगी पडली, हसू नका. चालत्या गाडीत कंडक्टरनी लिहिलेली वेबिलं ३२ वर्षं वाचली की एक कळतं, अक्षर बघायचं नसतं, लिहिणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला ते बघायचं असतं. म्हणून वाचण्याआधी लिहा. रोज एक पान कित्ता गिरवा, तोही तयार अक्षराची आकृती बघून नाही तर वळण कुठून सुरू होतं ते बघून. मी सहा महिने घरचा हिशोब मोडीत लिहिला. बायको म्हणाली, दुधाचं बिल किती झालं ते तुमच्याशिवाय कुणालाच कळू नये अशी सोय केलीत.

दुसरं म्हणजे मोठ्यानं वाचा. डोळ्याला शब्द तुटत नाही तो कानाला तुटतो. राग ओळखताना आपण एकेक सूर मोजत बसत नाही, पकड कानावर आली की ओळखतो, तसंच इथे. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष", "बहुत काय लिहिणे", "मोर्तब सुद" हे ठरलेले तुकडे एकदा कानात बसले की पानातला बराच भाग आपोआप उलगडतो. त्यासाठी छापील वाचा. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापलेत, ते देवनागरीत आहेत, लिपीची झटापट नाही, नुसती भाषा कानावर येते. मोडीच्या क्लासला देवनागरी पुस्तक कशाला असं मलाही वाटलं होतं. उलट तेच आधी वाचायला हवं होतं.

आता कणकेची गोष्ट. आजोबांची एक वही म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा जमाखर्च, सगळा रुपये-आणे-पैमध्ये (सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, हे डोक्यात पक्कं ठेवा, १९५७ च्या आधीच्या बेरजा नाहीतर जुळतच नाहीत). त्यात दर एकादशीला एक नोंद, कणीक. आता एकादशीला उपास, देवळात रात्रभर भजन, कणीक कोण खाणार? मला वाटलं आपलंच चुकतंय. मग मी ते कणीस केलं, मग एका पानावर कणगी केलं, प्रत्येक ठिकाणी काहीतरी जुळवलं आणि मस्त टाइप करून आमच्या भजनी मंडळात वाचायला घेऊन गेलो. आमचा पखवाजवाला ऐकत होता, मांडीवर पखवाज, हातात ओली कणीक, डाव्या पुडीला थापत होता. म्हणाला, अण्णा ही कणीक मग कुणाची? वीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून पेटी वाजवतोय, दर वेळी तो घरून कणकेचा गोळा आणतो, त्याशिवाय डावीकडचा घुमारा येत नाही हे मला माहीत आहे, आणि वहीत तेच लिहिलेलं मला दिसलं नाही. तेव्हापासून नियम केला, जे अक्षर दिसतंय ते आधी लिहायचं, अर्थ नंतर. पटत नाही म्हणून अक्षर बदलायचं नाही.

तारखांचं थोडक्यात. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शकाचा आकडा वाळवीनं खाल्ला असेल तर संवत्सराचं नाव बघा, ते ६० वर्षांनी परत येतं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत, म्हणजे "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, तो सन मृगाच्या सुमारास सुरू होतो म्हणून जानेवारी १७६१ चं पानिपत त्याच सनात येतं. सुरुवातीला मी हे शब्द लिहून आरशाजवळ चिकटवले होते, दाढी करता करता पाठ झाले.

पैशांचं विचाराल तर, जमिनीच्या दाव्यांसाठी वकील आधीपासून कागद वाचून घ्यायचे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम विचारणा सुरू झाली. गावोगावची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, नमुना १४, लोक फोटो काढून पाठवायला लागले. काम मिळतं, पण कधी ढिगानं कधी काहीच नाही, यावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. आणि समोरचा कितीही घाईत असला तरी जे लागलं नाही तिथे कंसात टिंबं द्या. एकानं मला "एवढा एक शब्द बसवा ना" म्हणून दुप्पट देऊ केले होते. त्याचा कागद परत केला, पुढे त्यानं दुसरीकडे बसवला असेल, माहीत नाही. खाली सही आपली असते.

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. हे मी स्वतः एक पान वाया घालवून शिकलोय, फार बोलत नाही. खिडकीतल्या तिरक्या उजेडात फोटो काढा, पुसट शाई उठून दिसते.

राहिली ती आमच्या बैठकीतली सनद. लहानपणापासून ऐकत आलो की भिंतीवर फ्रेम केलेला कागद म्हणजे आमच्या घराण्याला सातारच्या महाराजांकडून मिळालेली सनद. मोडी यायला लागल्यावर साहजिकच पहिली तीच उतरवली. कागद फ्रेममध्ये बसावा म्हणून वरचा भाग मागे दुमडलेला. उलगडला तर वर इंग्रजांच्या राजाचं, सातव्या एडवर्डचं डोकं, स्टॅम्पपेपर. खाली विश्वावसु नाम संवत्सर, म्हणजे शके १८२७, १९०५ साल. आणि मजकूर, बैलजोडीसाठी घेतलेल्या पैशांचा कर्जरोखा. शेवटी पणजोबांचं नाव, पण सही नाही, शेजारी छोटा नांगर काढलेला, निशाणी नांगराची. लिहिता येत नसलेल्या कुणब्याची सही तशीच असायची. त्याच माणसाच्या मुलानं पुढे भजनाचा पैन्‌पैचा हिशोब झोकदार मोडीत लिहिला.

थोरल्या भावाला हे सांगितल्यावर तो आठ दिवस बोलला नाही. आता फ्रेम परत भिंतीवर आहे, कागद पूर्ण उलगडून. आलेल्या पाहुण्याला भाऊ आधी नांगर दाखवतो, आणि मग म्हणतो, ही आमची सनद.