वेरूळची जुनी चित्रं 'डॅनियल'च्या नावावर टाकताय? या चुका टाळा

कैलास लेण्याचं ते जुनं इंग्रजी प्रिंट बघितलंच असेल, दर थोड्या दिवसांनी कुणीतरी फॉरवर्ड करतंच, खाली 'थॉमस डॅनियल, १८०३'. आता बघा, इंग्रज चित्रकार थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ला कलकत्त्यात उतरले, उत्तर झाली, दक्षिण झाली, १७९३ ला मुंबईहून परत निघाले, पण या सगळ्यात वेरूळला दोघं गेलेच नाहीत.

तिथे बसून काढणारा माणूस जेम्स वेल्स. स्कॉटिश, १७९१ ला मुंबईत आला, पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी सगळ्यांची पोर्ट्रेट्स केली, वेरूळला जाऊन ड्रॉइंग्ज काढली आणि १७९५ ला इथेच वारला, छापायचं राहूनच गेलं. मग डॅनियलने लंडनमध्ये त्यावरून छपाईच्या २४ प्लेट्स करून १८०३ ला काढल्या. आणि हो, डॅनियलने ढापलं वगैरे म्हणू नका, टायटल पेजवर वेल्सचं नाव सरळ छापलंय. घोळ नंतरचा आहे. त्या २४ प्लेट्स डॅनियलच्या १४४ प्लेट्सच्या मोठ्या सेटचा सहावा भाग म्हणून धरल्या जातात, त्यात सुटी प्रिंट्स विकताना फ्रेममध्ये बसावीत म्हणून खालची छापील पट्टीच कापून टाकतात, मग उरतं काय तर सेटचं, म्हणजे डॅनियलचं, नाव.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे कापलेला फोटो बघून नाव ठरवणं. आधी रिव्हर्स इमेज सर्च (म्हणजे चित्र टाकून नेटवर तेच चित्र शोधणं) करा आणि म्युझियमची किंवा लायब्ररीची अशी कॉपी शोधा जिच्यात चारही बाजूंचा कागद दिसतो. त्यावर ड्रॉइंग कुणाचं आणि प्लेट कुणाची हे वेगळं दिलेलं असेल तर तुम्हीही दोन्ही वेगळंच लिहा. १८०३ हे छापल्याचं साल आहे, 'तेव्हाचं वेरूळ' म्हणून ते टाकू नका, तोवर वेल्स वारून आठ वर्षं झाली होती.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती शहाणी लोकं करतात. एकदा वेल्स कळला की लेण्यांचं प्रत्येक चित्र वेल्सच्या खात्यावर. अहो, घारापुरीला डॅनियल स्वतः गेले होते, त्यांच्या सेटमधली घारापुरीची प्रिंट्स त्यांचीच आहेत!

काका-पुतण्यात गोंधळ तर नेहमीचाच, नुसतं 'डॅनियल' लिहिलं असेल तर नुसतं डॅनियलच ठेवा, अंदाजाने थॉमस करू नका. सिलोनची चित्रं असतील तर विल्यमचा धाकटा भाऊ सॅम्युएल पण तपासा.

पेशवे दरबारात चार्ल्स मॅलेट (पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील) तह करतोय ते मोठं तैलचित्र मात्र खरंच थॉमस डॅनियलचं, १८०५ चं, सध्या लंडनच्या टेट गॅलरीकडे. पण तह १७९० चा, वेल्स पुण्यात आला १७९२ ला, आणि डॅनियलने ते रंगवलं वेल्सच्या स्केचेसवरून, म्हणजे तो क्षण दोघांपैकी एकानेही बघितलेला नाही. इथे नाव बदलायचं नाही, फक्त 'वेल्सच्या स्केचेसवरून' एवढं जोडा.

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचा चित्रांचा साठा) दुरुस्ती करताना फाइलचं नाव बदलून थांबू नका. वर्णन, कलाकाराचा रकाना, कॅटेगरी आणि विकिडेटाची (विकिपीडियाचा माहितीचा साठा) नोंद हे चारही बघा, नाहीतर एका ठिकाणचं चुकीचं नाव दुसरीकडे परत उगवतं. विकिडेटावर जुनं नाव कुठल्या छापील पुस्तकातून आलेलं असेल तर ते उडवू नका, त्याची रँक (त्या नोंदीचा दर्जा) खाली करून कारण लिहा, म्हणजे पुढचा माणूस तेच पुस्तक घेऊन परत बदलायला येणार नाही.

आणि एक नाव तर बहुतेक कॅप्शनमध्ये नसतंच. गंगाराम तांबट, आपला पुण्याचा माणूस, मॅलेटसाठी वेरूळला जाऊन ड्रॉइंग्ज काढणारा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा पण त्यानेच काढलाय. त्याची बरीच कामं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये त्याच्याच नावाने नोंदलेली आहेत, त्यामुळे पुणे-वेरूळचं त्या काळातलं हाताने काढलेलं, न छापलेलं ड्रॉइंग सापडलं तर 'कंपनी स्टाइल (ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेली चित्रं), अज्ञात चित्रकार' लिहिण्याआधी तिथला ऑनलाइन कॅटलॉग एकदा चाळा.